डीपीचे नऊ ताप

व्यंकटराव हिप्परगेकर कीर्तनाला बसत ते बुवांकडं तोंड करून नव्हे, लोकांकडं तोंड करून. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला त्यांचा सोफा असे. बुवा एखादं चरण सोडवायला लागले की हे मान डोलवत, पण डोलवायच्या आधी कॅमेरा कुठं आहे ते बघून घेत. नामाचा गजर टिपेला गेला की नेमका त्यांचा फोन वाजे. उंबरसांगवीच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे ते सहा वर्षं अध्यक्ष होते. त्या सहा वर्षांत मांडवात देव किती आला ठाऊक नाही, वीज मात्र अफाट आली.

चाळीस फुटी पडदा आला. पाहुण्यांसाठी आठ कूलर आले. आख्यानात देव प्रकट झाला की धूर सोडणारं यंत्र आलं. देव प्रकट व्हायच्या आतच ते दोनदा सुटलं आणि बुवा खोकत बसले. हे सगळं मांडवामागच्या एका डीपीवर, मीटरशिवाय, तारेवर आकडा टाकून. शाळेत तिला रोहित्र म्हणतात, पण गावात कुणी म्हणत नाही.

या वर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन चालू असताना, सकाळी सव्वाअकराला ती डीपी फुटली.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एका विणेकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, जमिनीला टेकत नाही. त्या वेळी पहारा होता गणपततात्या सोनवळकरांचा. वय चौऱ्याहत्तर. मला टाळ धरायला त्यांनी शिकवलं. कीर्तन कानांनी नाही तर गुडघ्यांनी ऐकायचं, बसून बसून दुखायला लागले की समजायचं ऐकलं, असं म्हणायचे. विणेकऱ्याची जागा खरं तर देवासमोर. पण तिथं पडदा आल्यामुळं तात्यांना मांडवाच्या मागं, डीपीच्या सावलीत उभं केलेलं. डीपीतलं उकळतं तेल उडालं तेव्हा वीणा घ्यायला जवळ कुणी नव्हतं, आणि तात्यांनी ती खाली ठेवली नाही. छातीशी धरून तेलाकडं पाठ केली. पाठ आणि दोन्ही दंड भाजले. जगले, पण उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत.

तिसऱ्या दिवशी चौकात फलक लागला : 'तात्यांच्या त्यागास मानाचा मुजरा'. त्यावर तात्या पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि व्यंकटराव दरवाज्याएवढे. चौथ्या दिवशी समितीनं तक्रार दिली, की गावच्या वायरमननं फ्यूजमध्ये जाड तार घातल्यामुळं हा प्रकार घडला, सबब त्याला बडतर्फ करावं.

वायरमन म्हणजे माझा थोरला भाऊ, भागवत ढगे. त्यानं लिहून दिलं, मी कधीच जाड तार घातली नाही. त्याच्या डोळ्यांकडं बघून मला कळलं, हा खोटं बोलतोय. तीन आठवडे मी त्याच्याशी नीट बोलले नाही. मनातल्या मनात त्याला भित्रा म्हणत होते. व्यंकटरावाला घाबरला, म्हणत होते.

माझं काम असलं खोटं उघडं पाडायचंच. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मी ऊष्मावाचक आहे. लोक 'पट्टीवाल्या बाई' म्हणतात, तेच बरं आहे.

हे काम काय ते सांगते. लोखंड वितळवून सावकाश निवू दिलं, की त्याचे अणू रांगा लावून बसतात. त्या रांगेतल्या रचनेला स्फटिक म्हणायचं. घरातली पळी, खिळा, पत्रा, सगळं असंच रांगेत बसलेलं. पण लोखंडात थोडं बोरॉन, थोडं सिलिकॉन मिसळून तो रस गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या थंड चाकावर सोडला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठतो. अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. जो जिथं होता तिथंच थिजतो. केसाहून पातळ पट्टी निघते. दिसायला धातू, आतून काचेसारखी विस्कळीत. हिच्यात चुंबकत्व सहज उलटतं. डीपीच्या गाभ्यात ते सेकंदाला शंभरदा उलटावं लागतं, आणि रांगेतल्या लोखंडात प्रत्येक वेळी कुठंतरी अडकून त्याची उष्णता होते. विस्कळीत पट्टीत अडकायला फारसं काही नसतं. म्हणून गाभा थंड राहतो, वीज वाचते. आता सगळ्या डीपी ह्याच पट्टीच्या आहेत.

मात्र पट्टी तापवली, की थिजलेले अणू हलायला लागतात, आणि हलायला मिळालं की रांगेत बसायला बघतात. मग इथं तिथं इवले स्फटिक धरतात. ताप उतरला की वाढ थांबते, पण धरलेला स्फटिक पुन्हा विस्कटत नाही. जुन्या पट्टीला त्यासाठी पाचशे अंशांच्या घरात जावं लागे. खेड्यापाड्यांत बसवलेल्या स्वस्त पट्टीत फॉस्फरस जास्त. ती गाभ्याच्या सांध्याच्या कोपऱ्यात दोनशे अंशांनाच स्फटिक धरू लागते. आणि शोध लागला तो इथं. दर तापाला नव्या स्फटिकांची एक पिढी जन्मते आणि आधीच्या पिढ्या थोड्या जाड होतात. सगळ्यात मोठे स्फटिक पहिल्या तापाचे, सगळ्यात बारके शेवटच्या. क्ष-किरण टाकून पिढ्या मोजल्या, की ही डीपी किती वेळा तापली, किती वेळ तापली, कोणत्या वर्षी, साधारण कोणत्या महिन्यात, सगळं कळतं.

पट्टी खोटं बोलत नाही हे कळल्यावर माणसांनी काय करावं? फलक लावले. 'आमची डीपी निष्कलंक' अशी प्रमाणपत्रं मंगल कार्यालयांत गणपतीच्या तसबिरीशेजारी झळकू लागली. ज्यांची डीपी निष्कलंक नव्हती त्यांनी दुसरी विद्या शोधली. पट्टी साडेपाचशे अंशांवर तासभर ठेवली, की सगळीकडं एकसारखे स्फटिक गच्च भरतात आणि जुनी नोंद पुसली जाते. पट्टी पापडासारखी ठिसूळ होते, मालक निर्दोष होतो. एका शिक्षणसम्राटानं तर गाभा वीटभट्टीत घातला आणि त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना सत्यावर व्याख्यान दिलं.

वाचकाला नमुना कुठल्या गावाचा ते सांगत नाहीत, नुसता आकडा येतो. त्या सोमवारी माझ्यापुढं नमुना चारशे सतरा होता. चार बोटं लांबीची एकच पट्टी. बाकी गाभा आगीतच गेलेला, असं चिठ्ठीवर होतं. वाचून झालं, नऊ ताप निघाले. पहिला तीन तासांचा, आठ वर्षांपूर्वीचा. पुढं दर वर्षी एक, माघात, आणि शेवटचे सहा मात्र सात-सात दिवसांचे. कुठलं तरी चोरटं गाव असणार, असं म्हणून मी सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात व्यंकटराव आले. पांढरा झब्बा, कपाळावर बुक्का, हातात पेढ्यांचा पुडा.

"रामकृष्णहरी, ताई."

"रामकृष्णहरी." ते नाव कुणाच्याही तोंडून आलं तरी परत करावं लागतं.

"चारशे सतरा वाचलं का?"

"कुठलं चारशे सतरा?"

"आपलंच की! उंबरसांगवीचं. तुमच्याच ऑफिसातल्या माणसानं नंबर दिला. म्हटलं, ताईंना उगाच अंधारात कशाला ठेवायचं."

ह्या माणसाला घरी पेढे खात बसायचं तेवढंच काम होतं. मी संध्याकाळपर्यंत सही करून मोकळी झाले असते, आणि कुणाचं काय वाचलं ते मला जन्मात कळलं नसतं. पण स्वतःच्या हुशारीवर इतका लोभ, की ती दाखवायला चाळीस किलोमीटर गाडी काढून आले.

"नऊ निघालेत म्हणे, त्याचाच आत्ता गाडीत फोन आला," ते खुर्ची ओढत म्हणाले. "आता माझ्या अध्यक्षपदाची वर्षं सहा. मग आधीचे तीन कुणाचे? तुमच्या भावाचे. मी काय म्हणतो, एवढी उकराउकर कशाला? ती पट्टी जरा भट्टीत ठेवायची. आगीत सगळीच पट्टी पिकली होती, काही वाचता येत नाही, कंपनीचा माल खराब असावा, असं लिहायचं. भागवत सुटला, सप्ताह सुटला, देवाचं नाव राहिलं."

"तुमचं नाव राहिलं."

"एकच आहे हो ते," ते हसले. बोलून गेल्यावरही त्यांना काही वावगं वाटलं नाही.

"आणि तात्यांची बोटं?"

"त्यांची सोय केलीय ना. पुढच्या वर्षी सन्मानचिन्ह. पितळेची वीणा, एवढी," आणि त्यांनी हातानं आकार दाखवला. साधारण पेढ्यांच्या पुड्याएवढा.

पुडा परत देऊन मी त्यांना वाटेला लावलं. माझा संताप अगदी स्वच्छ होता, देवळाची पायरी धुतल्यासारखा. मी यंत्रापुढं बसले आणि आता गाव माहीत झाल्यावर पुन्हा पहिल्या तापाकडं बघितलं. आठ वर्षांपूर्वीचा माघ. तीन तास.

संताप होता तिथंच राहिला, फक्त मी त्याच्या दुसऱ्या बाजूला आले.

त्या वर्षी व्यंकटराव नव्हते, पडदा नव्हता. चार ट्यूबलाइट, दोन कर्णे आणि लांबून आलेले नागनाथबुवा. काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं आणि फ्यूज गेला. भागवतनं बसवला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी पुढच्या रांगेतून उठून त्याला फोन लावला होता.

"दादा, जाड तार घाल ना."

"जळंल गं."

"तीन तासांत काय जळतंय? देवाचं काम आहे."

तो नको म्हणत होता. देवाचं काम आहे, हे मी दोनदा म्हणाले.

फ्यूज असतो तुटण्यासाठी. ताण वाढला की आधी त्यानं तुटायचं, म्हणजे बाकीचं राहतं. सप्ताह अखंड म्हणजे नाम अखंड. ते माणसांनी आपल्या तोंडानं, आपल्या झोपेवर पाणी सोडून चालवायचं. आम्ही शहाण्यांनी कर्णाही अखंड केला. आणि पहिल्या तापात धरलेले स्फटिक नुसते बसून राहत नाहीत. चुंबकत्व त्यांच्यात अडकतं, गाभा आपणहून गरम राहायला लागतो, पुढच्या वर्षी तेवढ्याच ओझ्याला जास्त तापतो. व्यंकटरावांनी आग मोठी केली. पेटवायला त्यांची गरज पडली नव्हती.

दुपारच्या एसटीनं मी गावी गेले. भागवत ओट्यावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. निलंबित झाल्यापासून गल्लीतले सगळे मिक्सर दुरुस्त झाले होते. आता चांगले चाललेलेही लोक आणून देत होते, त्याला बरं वाटावं म्हणून.

"दादा, पहिला ताप माझा आहे."

त्यानं मान वर केली नाही. "कशाचा पहिला? मी तार घातलीच नाही. लिहून दिलंय."

"नऊ वेळा घातलीस."

"मग नऊ वेळा खोटं बोललो. तुला काय व्हायलंय?"

"व्यंकटरावांनी घालायला लावली, एवढं तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं. मग साहेब विचारणार, त्याच्या आधी कुणी लावली." त्यानं एक स्क्रू तोंडात धरला, तो काढेपर्यंत मला थांबावं लागलं. "वाचकाचं लायसन असं मिळत असतंय का? तीनदा परीक्षा दिलीस. कशाला उकरायलीस, रेवे."

तीन आठवडे ज्याला मी भित्रा म्हणत होते तो हा.

"आणि मधली दोन वर्षं? मी तर सांगितलं नव्हतं."

"कुणीच नाही सांगितलं. जाड तार घातली की मांडव निवांत चालतो, हे गावाला कळलं होतं. मलाबी. मग व्यंकटराव आला. त्याला नाही म्हणायला पाहिजे होतं गं. पण आधी तीनदा हो म्हणून बसलो होतो, आता नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतली भट्टी लावली. काटा साडेपाचशेवर गेला. चिमट्यात पट्टी धरून दारापाशी उभी राहिले. तासाभराचं काम होतं. भाऊ सुटणार, माझं लायसन राहणार, दूरच्या कुठल्यातरी कंपनीला एक पत्र जाणार, त्याला ते उत्तरही देणार नाहीत. सप्ताहाची बदनामी टळणार. हे शेवटचं कारण मनात आलं तेव्हा मला माझा आवाज ओळखू आला नाही. झब्बा घातलेला, बुक्का लावलेला कुणीतरी माझ्या आत बोलत होता. त्याचा सोफाही जागेवर होता, आणि मऊ होता.

मी भट्टी बंद केली. नमुन्याचं गाव मला कळलं आहे, वायरमन माझा सख्खा भाऊ आहे, ज्यांनी आकडा सांगितला त्यांचं नाव हे, असं लिहून पट्टी मोहोरबंद केली आणि परत पाठवली.

तीन महिन्यांनी विभागाच्या कार्यालयात सुनावणी झाली. दुसऱ्या जिल्ह्याच्या वाचकानंही नऊच ताप काढले होते. चौकशी अधिकारी टेंकाळे साहेब मोजकं बोलणारे, वयानं थकलेले. समोर व्यंकटराव, त्यांच्याबरोबर वकील आणि फोटो काढायला एक माणूस. फोटोवाल्याला साहेबांनी पहिल्यांदा बाहेर घालवलं.

"साहेब, साधा हिशोब आहे," व्यंकटराव म्हणाले. "पहिला ताप आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी कुठं होतो? गाभा ह्यानं आधीच नासवून ठेवला. आम्ही भाबडी माणसं. नासलेल्या डीपीवर भक्तीनं कार्यक्रम करत राहिलो."

भाबडी माणसं! सहा वर्षं आठ कूलर लावून भाबडी.

साहेबांनी भागवतकडं बघितलं. "पहिली तार कुणाच्या सांगण्यावरून घातली?"

"माझ्या मनानं."

"नऊ वर्षं स्वतःच्याच मनानं? मग बडतर्फीशिवाय माझ्याकडं काही राहत नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

मी उठले. भागवत दबक्या आवाजात म्हणाला, "खाली बस. रेवे, खाली बस म्हणलं ना." लहानपणी आंब्याच्या झाडावर चढले की असंच म्हणायचा.

"साहेब, पहिली तार माझ्या सांगण्यावरून घातली. तो नको म्हणत होता. मी फोन केला होता."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, पट्टीत ताप दिसतो, फोन दिसत नाही. आठ वर्षांपूर्वीचा फोन मी कुठून तपासू? तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं. आता हे नोंदीत जाईल. वीजयंत्रणेत ढवळाढवळ करायला लावणाऱ्याला वाचकाचा परवाना ठेवता येत नाही, हे तुम्हीच परीक्षेत लिहून पास झालात."

"लिहून घ्या," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मग व्यंकटरावांकडं वळले. "आणि शेवटचे सहा?"

"मी नुसता नावाचा अध्यक्ष होतो, साहेब," व्यंकटराव चटकन म्हणाले. "व्यवस्था सगळी सेक्रेटरी बघायचा." बाहेर व्हरांड्यात सेक्रेटरी त्यांच्याच गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. ज्याच्या नावानं सहा वर्षं फलक लागले, त्याला आपलं नाव टाकून द्यायला सहा सेकंदही लागले नाहीत.

निकाल त्याच दिवशी झाला. समितीवर वीजचोरीची फिर्याद, अध्यक्षांसकट. भागवतची बडतर्फी टळली. खालच्या पदावर, दूरच्या उपकेंद्रात बदली. माझा परवाना रद्द.

कार्यालयासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. भागवत रागावला होता; पण रागावूनही त्यानं माझ्या चहात साखर कमी सांगितली होती.

तीन महिने एक गोष्ट मला खात होती, ती मी शेवटी विचारली. "दादा, त्या दिवशी नागनाथबुवांनी आख्यान कुठलं लावलं होतं?"

"मला विचारायलीस? पुढं तू बसली होतीस."

"काही आठवत नाही." खरंच आठवत नव्हतं. कर्णा पुन्हा सुरू झाला तेव्हाचा आनंद आठवत होता, लोकांनी केलेला गजर आठवत होता, मीच तो सुरू करून घेतला ही ऐट तर लख्ख आठवत होती. बुवांचा एक शब्द आठवत नव्हता.

भागवत तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. "मी डीपीखाली होतो, मला सगळं ऐकू येत होतं. एक राजा होता म्हणले. त्यानं हुकूम काढला, देवळातली घंटा अखंड वाजली पाहिजे. दिवसरात्र, माणसं बदलून बदलून. वर्षभर वाजली. एक दिवस देव उठला आणि चालायला लागला. राजा आडवा आला, देवा, काय कमी पडलं? देव म्हणाला, काही नाही रे बाबा. बाहेर कुणीतरी हाक मारायलंय, इथं ऐकू येईना."

मी कप बाकावर ठेवला.

"असं सांगत होते? आणि तू ते ऐकत होतास?"

"ऐकत होतो की."

"मग काय केलंस?"

"काय करणार?" भागवत म्हणाला. "तुझा फोन येऊन गेला होता. नट आवळत होतो."